फुलं विकली जातात, पण मला आता फुलं काढवत नाहीत

ओला_कागद

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी विचारतेय. लांबलंय, आधीच सॉरी.

मी वॉटरकलरमध्ये काम करते. गेली नऊ वर्षं फुलं. सुरुवातीला बाकीचंही बरंच करायचे, पण एका ग्रुप शोमध्ये फुलांची चार चित्रं लावली होती, ती चारही पहिल्याच दिवशी गेली आणि मग जे सुरू झालं ते झालं. कागद ओला करून पाकळीची कड पसरू द्यायची, मधेच एक पट्टा कोरडा ठेवायचा, कागदाचा पांढरा जिथल्या तिथे सोडायचा, यावर आता इतका हात बसलाय की मागच्या महिन्यात फोनवर बोलता बोलता एक अख्खं चित्र झालं. आणि खोटं नाही बोलत, ते आधीच्या चित्रांइतकंच चांगलं होतं. विकलंही गेलं. लोकांना वाटेल मज्जा आहे हिची, पण मला त्या दिवशी कसंतरीच झालं. लक्ष नसतानाही चित्र होतंय तर मग मी तिथे बसून करते काय, नुसत्या पाट्याच टाकते ना.

आता दुसरं. आई माझ्याकडे असते. तिला विस्मरणाचा आजार आहे, तीन वर्षं झाली. दुपारी ती पडते तेव्हा कोणीतरी खोलीत बसावं लागतं कारण उठून कुठे चालू लागेल याचा नेम नसतो. तिथे रंग मांडून बसता येत नाही (एकदा तिने ब्रश धुतलेलं पाणी प्यायला उचललं, तेव्हापासून बंद), म्हणून मी चारकोल आणि साध्या न्यूजप्रिंटचा (वर्तमानपत्र छापतात तो स्वस्त कागद) एक गठ्ठा घेऊन बसायला लागले, नुसता हात चालू राहावा म्हणून, बाकी काही मनात नव्हतं. तिचे हात, चादर धरलेली मूठ, मानेवरची शीर, झोपेत उघडं राहिलेलं तोंड. असं करत करत दीड वर्षात दोनशेच्या वर कागद झालेत. बरेचसे टाकाऊ आहेत. पण दहा-बारा असे आहेत की ते मी काढलेत यावर माझाच विश्वास बसत नाही, मी ते भिंतीला लावते, बघते आणि परत काढून ठेवते, कारण घरात कोणी आलं तर काय सांगू हे मला कळत नाही.

ज्यांच्या गॅलरीत माझं काम असतं त्या बाईंना धीर करून दाखवले. त्यांनी घाई न करता सगळे बघितले, एक-दोन परत मागून घेतले, आणि म्हणाल्या, "चांगली आहेत गं, पण हे घरात लावणार कोण?" आणि पुढच्याच वाक्याला, येत्या शोसाठी वीस तरी फुलं लागतील. मला राग नाही आला, त्यांचं दुकान आहे, त्यांनी तेच बघायचं. पण घरी आल्यावर पहिलं फूल काढायला बसले आणि तीन तास नुसता ब्रश ओला करत राहिले.

तर विचारायचंय असं की हे काय आहे? नुसता कंटाळा आलाय आणि मी त्याला मोठमोठी नावं देतेय, की खरंच वळायची वेळ आलीय? घराचा अर्धा खर्च फुलांवर निघतो त्यामुळे "कर की बिनधास्त" हे मला परवडणारं नाही. आणि सगळेच सांगतात की स्वतःशी प्रामाणिक राहा. राहते की, पण नक्की कुठल्या? फुलं काढणारीही मीच होते, नऊ वर्षं काही कोणी डोक्यावर बंदूक धरली नव्हती.

जुना_ब्रश

ताई, आधी माझा मूर्खपणा सांगतो म्हणजे पुढचं बोलायला मोकळा झालो.

पस्तिशीत माझी पोर्ट्रेटची कामं व्यवस्थित चालली होती, ऑर्डरी सहा-सहा महिने पुढच्या असायच्या. मलाही असंच व्हायला लागलं आणि मी एका महिन्यात सगळ्या ऑर्डरी परत केल्या, परतीचे दोर कापून टाकले, आणि सहा फुटी अमूर्त कॅनव्हास सुरू केले. दोन वर्षं केले. ते वाईट होते. म्हणजे लोकांना कळले नाहीत वगैरे काही नाही, साफ वाईट होते, आज माझे मलाच बघवत नाहीत. मी धाडस केलं होतं हे खरं, पण कॅनव्हासला ते माहीत नसतं ना. जितकं मोठं धाडस तितकं चित्र चांगलं असा एक हिशोब डोक्यात बसलेला असतो, तो पहिल्यांदा काढून टाका.

तुमचं वाचून मला फिलिप गस्टन आठवला. हा अमेरिकन पेंटर, पन्नासच्या दशकात तिथल्या अमूर्तवाल्यांमधला मोठा माणूस, नाजूक गुलाबी-करड्या रंगाचे छोटे छोटे फटकारे, समीक्षक खूष. आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत त्याने जो शो लावला त्यात बुरखेवाले लोक (कू क्लक्स क्लान या तिथल्या गोऱ्या वंशद्वेष्ट्या टोळीचे टोकदार बुरखे) सिगार ओढत गाडीतून फिरतायत, बुटांचे तळवे, खिळे, भिंतीतून आलेला हात, सगळं कार्टूनसारखं जाड रेषेत. मोठ्या पेपरात धुलाई झाली, जवळचे मित्र तुटले, मॉर्टन फेल्डमन नावाचा संगीतकार त्याचा अगदी सख्खा दोस्त, तोही दुरावला. आता हे सगळे सांगतात, कारण गोष्ट म्हणून छान आहे. पण मला त्याच्या आधीचं जास्त महत्त्वाचं वाटतं. १९६६-६७ च्या सुमाराला त्याने पेंटिंग जवळजवळ बंद केलं होतं आणि नुसती ड्रॉइंग करत होता, दोन जातींची. एक म्हणजे कागदावर एखाद-दुसरी रेघ, बास, एकदम शुद्ध. आणि दुसरी म्हणजे पुस्तक, बूट, दिवा, समोर जे असेल ते. एक दिवस शुद्धवाली भिंतीला लावायची आणि वाटायचं हेच खरं, दुसऱ्या दिवशी तीच बघून कोरडं वाटायचं आणि परत बूट काढायला बसायचं. असं किती दिवस चाललं होतं. म्हणजे जो माणूस एका रात्रीत बदलला असं आपण समजतो तो किती काळ तुमच्यासारखाच भिंतीला लावत होता आणि काढत होता.

आणखी एक, तो १९३० च्या दशकात म्युरल (भित्तिचित्रं) करायचा, माणसं काढायचा, अगदी बुरखेवालेसुद्धा तेव्हाचेच. म्हणजे १९७० ला जे नवीन म्हणून लोकांच्या अंगावर आलं ते त्याचं सगळ्यात जुनं होतं. म्हणून विचारतो, फुलांच्या आधी तुम्ही काय काढायचात?

भाडेकरू

फुलं सोडू नका. एवढंच.

मी कविता करतो आणि दिवसभर औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर तपासतो. बारा वर्षं. कवितेला माझ्याकडून कधी पैसे मागावे लागले नाहीत त्यामुळे आमचं बरं चाललंय. कलेच्या जिवावर जगलं तरच कलाकार हे कोणी ठरवलं काय माहीत.

तिरपी_रेघ

भाडेकरू यांच्याशी सहमत पण थोडं पुढे जाऊन म्हणेन की फुलं खोटी आणि चारकोल खरा ही वाटणीच मला पटत नाही. फुलांनी तुम्हाला दीड वर्ष त्या खोलीत बसायची सोय करून दिली ना? मग?

हिल्मा आफ क्लिंट बघा. स्वीडनची, जन्म १८६२. स्टॉकहोमच्या अकादमीत रीतसर शिकलेली, पोटासाठी पोर्ट्रेट, लॅंडस्केप आणि (आता हसा) वनस्पतींची, फुलांची चित्रं काढायची. एकदम व्यवस्थित, कोणाला काही वावगं वाटू नये अशी. आणि १९०६ पासून तिने जे काढायला घेतलं ते असं काही होतं की त्या काळात जगात क्वचितच कोणी तसं काढत असेल, वर्तुळं, शंखासारखी वळणं, माणसापेक्षा उंच कागद. १९१५ पर्यंत त्या मालिकेत १९३ चित्रं झाली. मधे चार वर्षं, १९०८ ते १९१२, हे काम बंद होतं, त्या काळात तिच्या आईची दृष्टी गेली होती आणि ही आईचं करत होती. हे वाचलं तेव्हा मला एकदम हायसं वाटलं होतं, कारण चरित्रांमध्ये अशी चार वर्षं एका ओळीत उरकतात आणि आपल्या घरात ती चार वर्षं रोज सकाळी उठून काढावी लागतात.

ती १९४४ ला गेली तेव्हा हजारच्या वर चित्रं भाच्याला देऊन गेली, आणि सांगून गेली की मी गेल्यावर वीस वर्षं तरी ही कोणाला दाखवू नकोस. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये तिचा शो झाला तेव्हा रांगा लागल्या. आता यावरून "दाखवू नका, थांबा" असा अर्थ मी काढत नाहीये. मला तर वाटतं तिने दाखवायला हवी होती, थोडा मार खाल्ला असता, काय झालं असतं. पण निदान एवढं तरी दिसतं की फुलं काढणारा हात आणि ते दुसरं काढणारा हात एकाच बाईचे होते आणि एकाने दुसऱ्याला बिघडवलं नाही.

खर्जातला

मी चित्रातला नाही, गाणारा आहे, तरी बोलतो कारण फोनवर बोलता बोलता फूल झालं हे वाचून मला घाम फुटला.

आमच्याकडे याला हमखास जागा म्हणतात. एखादी हरकत किंवा तान असते की ती घेतली की दाद येणार म्हणजे येणारच. सुरुवातीला ती कष्टाने सापडलेली असते, अगदी आपली असते. मग पन्नास बैठकींनंतर गाणं त्या जागेच्या दिशेनेच चालायला लागतं, रागाला कुठे जायचंय हे कोणी विचारतच नाही, आपल्याला टाळीकडे जायचंय. माझी एक होती. गुरुजींनी एक दिवस काही न बोलता तानपुरा खाली ठेवला आणि म्हणाले, सहा महिने ती जागा घ्यायची नाही. बाकी काय गायचं ते गा. त्यानंतरच्या दोन-तीन बैठकी इतक्या पडल्या की विचारू नका. समोरच्या रांगेतले एक गृहस्थ जांभई देत होते ते अजून दिसतात मला. पण चौथ्या-पाचव्या महिन्यात आवाज अशा ठिकाणी जायला लागला जिथे मी त्याला कधी जाऊ दिलं नव्हतं.

आणि खरेपणाचं म्हणाल तर कुमार गंधर्वांची सुरुवातच दुसऱ्यांच्या आवाजातून झालेली. लहानपणी मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसंच गाऊन दाखवायचे, त्याचंच लोकांना अप्रूप होतं. पुढे क्षयाने काही वर्षं गाणं बंद झालं, पडून राहावं लागलं, आणि त्या काळात कानावर पडत राहिली ती माळव्यातली लोकगीतं. त्यानंतर जे गाणं आलं ते कोणाच्याच साच्यात बसेना, त्यावर वादही भरपूर झाले. म्हणजे "अस्सल मी" आधी कुठेतरी तयार बसलेला असतो आणि आपण त्याच्याशी प्रामाणिक राहायचं, असं काही मला तरी दिसत नाही. ऐकत राहिले, गात राहिले, त्यातून झालं. आणि हो, आजारपण चांगलं असतं वगैरे कृपा करून कोणी काढू नका यातून.

तेव्हा ताई, फुलं सोडण्याआधी फुलांमधली ती हमखास जागा सोडून बघा की. तो कोरडा ठेवलेला पट्टा. सहा महिने नाही ठेवायचा.

ओला_कागद

सगळ्यांचे आभार, दोन दिवस उत्तर द्यायला जमलं नाही, आईची रात्र-दिवस उलटपालट झालीय सध्या.

जुना_ब्रश दादा, फुलांच्या आधी मी माणसं काढायचे. झोपलेली माणसं. हे मी पूर्ण विसरले होते, तुम्ही विचारल्यावर माळ्यावरून कॉलेजच्या स्केचबुका काढल्या. प्रवासात पेंगणारे, वर्गात डुलक्या काढणारे, वसतिगृहातली मैत्रीण, सगळी झोपलेलीच. कारण अगदी साधं होतं, जागा माणूस बघत असला की मला भीड वाटायची.

खर्जातला दादा, तुमचं मात्र लागलं. कारण मग मी ते दहा-बारा कागद परत नीट बघितले आणि माझ्या लक्षात आलं की त्यातल्या तिघांत तो पट्टा आहे! चादरीची एक घडी मी पुटी रबरने (चारकोल टिपून घेणारं मऊ खोडरबर) उचलून पांढरी केलीय, कारण तिथे उजेड छान दिसतो. त्या दुपारी तिथे उजेड नव्हताच, पडदे ओढलेले होते. गॅलरीतल्या बाईंनी जे दोन परत मागून घेतले होते ते याच तिघांतले. ते तिन्ही मी बाजूला काढलेत. आता उरले आठ.

फुलांचं तसं करून बघितलं. कोरडा पट्टा न ठेवता दोन केली. दोन्ही चिखल झालीत. सध्या फक्त एवढंच सांगू शकते.

दुपारची_पाळी

मी थोडं कडवट बोलणार आहे, माफ करा. मी चित्रकार नाही, सासऱ्यांचं असंच चार वर्षं केलं.

इथे सगळे तुमच्या धाडसाबद्दल बोलतायत, पण कागदावर तोंड उघडं टाकून कोण झोपलंय? तुमची आई. तिला कोणी विचारलं का? फुलांना विचारावं लागत नाही. तुम्हीच लिहिलंय की जागा माणूस बघत असला की भीड वाटायची, म्हणून झोपलेली काढायचात. मग आताही तेच चाललंय ना, फरक इतकाच की ती जागी असली तरी हो-नाही म्हणू शकत नाही. माझे सासरे शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय खोलीच्या बाहेर यायचे नाहीत, शेवटच्या वर्षी त्यांना बटण म्हणजे काय तेही कळत नव्हतं, पण मी लावायचे. त्यांचं तसं चित्र कोणी भिंतीवर टांगलं असतं तर मी ते उतरवलं असतं, कितीही ग्रेट असो.

काढू नका असं म्हणत नाहीये. दाखवण्याचं म्हणतेय. रिस्क तुम्ही घेताय असं वाटतं पण त्यातली अर्धी तिच्या नावावर आहे.

जुना_ब्रश

दुपारची_पाळी, तुम्ही बोललात ते बरं झालं, आम्ही चित्रकार मंडळी हे सोयीस्करपणे विसरतो.

यावर माझ्याकडे उत्तर नाही पण दोन गोष्टी सांगतो. मोने, तोच तो कमळांवाला, त्याची बायको कामिय १८७९ मध्ये गेली, बत्तीस वर्षांची होती. तिच्या मरणशय्येपाशी बसून त्याने तिला रंगवलं, ते चित्र पॅरिसला ओर्से म्युझियममध्ये आहे, निळ्या-करड्या फटकाऱ्यांमध्ये चेहरा बुडत चाललाय असं. कित्येक वर्षांनी त्याने स्वतःच आपला मित्र, फ्रेंच राजकारणी क्लेमेंसोला सांगितलं की आपण तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि लक्षात आलं की आपण नकळत रंगच टिपतोय, निळा, पिवळा, करडा. त्याला स्वतःलाच ते धक्कादायक वाटलं होतं. त्याला अभिमान वगैरे नव्हता त्याचा. आणि होडलर म्हणून स्विस पेंटर होता, त्याची जोडीदारीण व्हॅलेंटाईन कॅन्सरने आजारी पडली तेव्हा त्याने तिची शंभरावर चित्रं-ड्रॉइंग केली, जानेवारी १९१५ मध्ये ती जाईपर्यंत आणि गेल्यावरही. त्यात सुरुवातीला ती उशीला टेकून बसलेली आहे, नंतर आडवी, नंतर इतकी आडवी की नुसती क्षितिजासारखी रेघ. मी ती बघतो तेव्हा मला कधी वाटतं याच्याइतकं कोणाजवळ कोणी बसलं नसेल, आणि कधी वाटतं अरे बाबा पेन्सिल ठेव आणि तिचा हात धर. दोन्ही वाटतं. ते अजून मिटलेलं नाही माझ्यापुरतं.

तिरपी_रेघ

मला वाटतं दुपारची_पाळी यांचं निम्मं बरोबर आहे. आजारी म्हाताऱ्या माणसांना कोणी बघूच नये म्हणून आपण त्यांना आतल्या खोलीत ठेवतो आणि त्याला त्यांची अब्रू जपणं म्हणतो, त्यात आपलीच अब्रू जास्त असते. पण बटणाचं मात्र पटलं. कुठल्या चित्रात बटण लावलेलं आहे आणि कुठल्यात नाही हे ताईंनाच कळेल, बाहेरच्याला नाही.

ओला_कागद

दुपारची_पाळी ताई, कडवट वगैरे काही नाही. मला हेच कोणीतरी विचारायला हवं होतं, बहुतेक म्हणूनच लोक आले की मी चित्रं काढून ठेवत होते.

तुमचं वाचल्यावर मी एक केलं. आठही कागद आईला दाखवले. आधी कधी दाखवले नव्हते, का नाही माहीत नाही. ती सकाळची वेळ बरी असते तिची. ती पलंगावर बसली होती, मी एकेक समोर धरत गेले. पहिल्या दोघांवर काहीच नाही, खिडकीकडे बघत होती. तिसरा हातांचा होता. तो तिने माझ्याकडून घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ही बाई दमलीय." मी म्हटलं हो. मग विचारलं, ही लोकांना दाखवू का? तर म्हणाली, "आधी तिला झोपू दे." आणि कागद उलटा करून उशीखाली ठेवला. दुपारी काढायला गेले तर चारकोल पार पुसून उशीच्या अभ्र्यावर गेलेला.

आता याला हो म्हणायचं की नाही म्हणायचं ते मला माहीत नाही, आणि मी त्याचा सोयीचा अर्थ लावणार नाही हेही नक्की सांगू शकत नाही. पण उघड्या तोंडाचे जे तीन होते ते मी शोच्या विचारातून काढलेत. ते राहतील माझ्याकडे. हात आणि मूठ आणि पाठमोरी आहेत ती चार उरली. गॅलरीतल्या बाईंशी काल बोलले, म्हटलं वीस फुलं नाही होणार, बारा होतील आणि त्यातली काही तुम्हाला आवडणार नाहीत, आणि एका भिंतीवर मला हे चार कागद लावायचेत, विकायचे नाहीत. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या विकायचे नाहीत तर मी भिंत का देऊ. रास्त आहे. मी म्हटलं ठीक आहे, किंमत लावा, पण मी सांगेन ती. त्या "बघू" म्हणाल्या. म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही.

फुलांपैकी सातवं जरा बरं झालंय. पट्टा नाही, पण त्याच्या जागी जे आलंय त्याला काय म्हणायचं मला कळत नाही, पाकळी थोडी सुजल्यासारखी दिसते. मला आवडलीय. नवरा म्हणाला हे पूर्ण व्हायचंय ना अजून?

एक प्रॅक्टिकल शंका, हे सगळं न्यूजप्रिंटवर आहे, दीड वर्षात पहिले कागद पिवळे पडायला लागलेत. काय करू?

काच_आणि_कड

अरे देवा, न्यूजप्रिंट! मी फ्रेमिंग करतो, इतका वेळ गप्प होतो पण आता राहवत नाही.

ताई, न्यूजप्रिंटमध्ये लाकडाचं लिग्निन असतं, ते हवा-उजेडाने पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. थांबवता येत नाही, लांबवता येतं. उजेडापासून लांब ठेवा, मधे अ‍ॅसिड-फ्री कागद घालून सपाट ठेवा, गुंडाळू तर अजिबात नका. आधी एकेकाचे चांगले फोटो किंवा स्कॅन काढून घ्या, आजच. फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर पक्का बसवणारा फवारा) मारणार असाल तर आधी टाकाऊ कागदावर मारून बघा, चारकोल त्याने थोडा गडद होतो आणि तो मखमली करडेपणा जातो, लांबून दोन-तीन हलके थर द्या, एकदम भिजवू नका, आणि आईंच्या खोलीत तर मुळीच मारू नका, वास वाईट असतो.

फ्रेम करताना काचच घाला, अ‍ॅक्रिलिक नको. अ‍ॅक्रिलिकवर स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होतं आणि ते चारकोलची पूड कागदावरून ओढून घेतं, सहा महिन्यांत चित्र अर्धं शीटला चिकटलेलं असतं, बघितलंय मी. काच आणि कागद यांच्यात माउंटची (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याची) जाडी हवी, टेकता कामा नये. आणि चिकटपट्टी लावून कागद बसवू देऊ नका कोणाला, वरच्या कोपऱ्यांना हलक्या कागदी बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने.

उशीखालचा तो कागद टाकला नाहीत ना? असेल तर त्याला फिक्सेटिव्ह मारू नका, आहे तसा ठेवा. अभ्रा धुतला का?

ओला_कागद

कागद आहे. अभ्रा नाही धुतला अजून.